गणपतीच्या गाडीत पाचवं नाव

माझा कॉम्प्युटर पत्त्यांच्या जोडाएवढा. उघडी हिरवी सर्किटची पाटी, टीव्हीच्या मागे टेपने चिकटवलेली. बाजारात सगळ्यात स्वस्त होता तो घेतला. त्याच्यावर बिलं भरतो, बातम्या वाचतो, कॅरम खेळतो. एका वेळी एकच काम. दोन सांगितली की झोपतो.

घाटकोपरची आमची चाळ पाडून हा टॉवर उभा केला तेव्हा सगळे खूश. संडास घरात आला ना! गॅलरी गेली त्याचं कोणाला काही नाही. आता दारं बंद. मी लग्न केलं नाही, एकटा असतो. माझं दार वाजतं ते कोणाचं तरी काम अडलं की.

गेल्या वर्षी जुन्या शेजाऱ्याचं, राजारामचं काम अडलं. गणपतीला कुडाळला जायची तिकिटं. सकाळी आठला बुकिंग उघडतं आणि पापणी लवेपर्यंत गाडी भरते. माझ्या टीव्हीवर नुसतं चाक फिरत राहिलं. शेवटी वेटिंग हातात. बायको-पोरांना घेऊन तो एसटीने हाडं मोडत गेला आणि आल्यावर मला शिव्या घातल्या.

यंदा मी मशीनला पंखा बसवला, मेमरी कार्ड बदललं, नको ते सगळं उडवलं. का? लपवायचं काय त्यात. मलाही जायचं होतं. आमच्या गावच्या घराला भावाने कुलूप घातलंय. राजाराम एकदा "चल रे" म्हणाला असता, बस.

बुकिंगच्या दिवशी तो सकाळी लवकरच आला. वेळ होता म्हणून कॅरम लावला.

"चंदू, मेल्या, साबणाच्या वडीवर गेम खेळवतोस!"

"तुझी सोंगटी बघ आधी."

"राणी घेतली, दिसत नाय?"

"कव्हर कर, मग बोल."

चाळीत ओरडायचा तसा ओरडत होता. मीही. आठ वाजत आले तेव्हा डाव अर्ध्यात बंद केला. तिकीट आणि कॅरम एकदम चालत नाही.

नावं भरली. राजाराम, वनमाला, प्रांजल, मानसी. पाचव्या ओळीत मी माझं नाव टाकलं. विचारलं नाही. का विचारू?

"हा कोण?"

"मी."

तो टीव्हीकडेच बघत राहिला. "अरे, घरात पाव्हणे असतात. झोपायला जागा..."

"ओटीवर झोपेन."

"तसं नाय रे. घरचा सण. बरं दिसत नाय."

गणपतीत दार कोणालाच बंद नसतं, हे गॅलरीत बसून मला ह्यानेच सांगितलेलं. प्रांजल तापाने फणफणली तेव्हा तिला खांद्यावर टाकून दवाखान्यात धावलो, तेव्हा मी घरचा होतो. आता बरं दिसत नाय.

आठ वाजले. वाद घालत बसलो असतो तर ह्यालाही वेटिंगच मिळालं असतं. खोटं कशाला बोलू, बोट बटणावर नुसतंच धरून ठेवलं.

"चंदू, दाब ना! वाट लागेल यार!"

माझं नाव खोडलं आणि बटण दाबलं. पंखा गरगरला. चार सीट, चारही पक्क्या.

राजारामने मला करकचून मिठी मारली. मग फोन कानाला लावत बाहेर पडला.

"वनमाला, अगं झालं! सगळ्यांची मिळाली!"

लिफ्टचं दार मिटेपर्यंत तो तेच सांगत होता.