मार्लेनीच्या सायकलचा बद्द आवाज

माझी जुनी विद्यार्थिनी मार्लेनी, तिच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. बसवाल्याने सायकलच्या सांगाड्याबरोबरच ते आणून दिलं होतं. उतारावर पडून वरची नळी मोडली होती. 'मास्तर, ईस्टरनंतरच्या निवड-शर्यतीत ही चालेल का? हो किंवा नाही, एवढंच लिहा. दुसरी सायकल मिळणार नाही, आणि पुढच्या वर्षी माझं वय बसणार नाही.' तिच्या गावात फोन लागत नाही, म्हणून पत्र.

मला तरी कुठे माहीत होतं? शाळेत मी पदार्थविज्ञान शिकवलं. कार्बनच्या धाग्यांच्या सायकली दुरुस्त करणं म्हातारपणी, पुस्तकं वाचून शिकलो. कोलंबियातल्या आमच्या डोंगराळ बोयाका प्रांतात घरोघरी सायकलस्वार, त्यामुळे मोडके सांगाडे माझ्याकडे येत राहतात, आणि दर वेळी वाटतं, हे आपलं काम नव्हे. दुरुस्ती झाली की लिहू, असं म्हणून पत्र बाजूला ठेवलं.

मोडक्या नळीच्या आत बसेल असा जोड विकत मिळत नाही. झाडूच्या दांड्याला मेण चोळलं, रेझिनमध्ये भिजवलेलं कार्बनचं कापड त्यावर गुंडाळलं, वरून वायरिंगची चिकटपट्टी आवळली आणि जादा रेझिन बाहेर यावं म्हणून तिला सुईने भोकं पाडली. मग इस्मेनियाबाईंच्या बेकरीत गेलो. पाव काढून झाले की त्यांची भट्टी रेझिन कडक व्हायला हवी तेवढी कोमट असते.

“पुन्हा कुणाचं हाड आणलंत, मास्तर?”

“मार्लेनीचं.”

“सायकलचं म्हणा की! काळीज थांबलं ना माझं. आणि उद्याच्या पावाला वास लागला, तर सगळे तुम्हालाच खायला घालीन.”

जोड छान झाला. तो आत सरकवून चिकटवला, वरून कापडाचे थर दिले. सगळं सुकल्यावर नेहमीप्रमाणे नाण्याने सांगाडा वाजवत गेलो. धड कार्बन खणखणीत वाजतो; आतले थर सुटले असले की आवाज बद्द येतो. माझा जोड खणखणीत वाजला. हँडलखाली, जिथे नळ्या एकत्र येतात, तिथे आवाज बद्द आला. वरून रंगाला ओरखडासुद्धा नव्हता. पण तिथे जोड सरकवता येत नाही, आणि उतारावर तिथेच सुटलं तर स्वार तोंडावर जातो.

माझ्या कानांवर माझा विश्वास नाही. इस्मेनियाबाईंना बोलावलं.

“पाव असता तर कच्चा म्हणून परत भट्टीत घातला असता,” त्या म्हणाल्या. “पण हा पाव नाही हो. मला काय कळतंय त्यातलं?”

नीट वाजतंय असं त्यांनी म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती.

शनिवारी बटाट्याच्या ट्रकमधून मार्लेनी आली. गुळाच्या गरम पाण्यात चीज बुडवून खाता खाता सांगाड्यावरून हात फिरवत होती.

“नवरीसारखी दिसतेय! आता रंग मारा. चालेल ना, मास्तर?”

“अजून जरा... हँडलखाली मला...”

“तुम्ही कधी तोंडाने बोललाय? शाळेतसुद्धा फळ्याशीच बोलायचात. लिहून पाठवा. पण नाही लिहिलंत तरी पुढच्या रविवारी येऊन मी घेऊन जाणार.”

“पोरी, पडलीस तर?”

“पडलेच आहे की. नुसती घरी बसले तर काय, दूध काढत म्हातारी होणार. आणि माझ्यानंतर ही सायकल धाकट्या भावाला द्यायचं कबूल केलंय.”

आमच्याकडे सायकल कुणी टाकून देत नाही. मोठ्याची धाकट्याला, धाकट्याची शेजारच्या पोराला. हा सांगाडा कुणाला ना कुणाला घेऊन उतारावरून जाणारच होता.

तिच्या तोंडावर नाही म्हणणं मला जमलं नाही. ती गेल्यावर हँडलखालच्या सांध्यातून करवत फिरवली. निदान डोळ्यांनी दिसेल, अशी आशा होती. पण करवतीने कडेचे थर उसवले होते, धागे पिंजले होते. ते आधीच सुटलेले होते की मी सोडवले, हे कळायला मार्गच उरला नाही. वरच्या नळीतला माझा जोड मात्र जागच्या जागी घट्ट होता.

पत्र लिहायला पुष्कळ कागद गेले. शेवटी एवढंच लिहिलं : 'मार्लेनी, नाही. न्यायला येऊ नकोस, मी सांगाडा कापलाय. आवाज बद्द होता. माझे कान चुकले असतील तर तुझी शर्यत मी घालवली.'

रविवारी ती घरून निघायच्या आत मिळावं, म्हणून शुक्रवारच्या बसला दिलं.