पाठीतला कागदाचा बोळा

मी एक कॅसेट बोलतेय. हळूच बोलतेय, कारण माझ्या पाठीत कागदाचा बोळा आहे आणि तो आहे तोवर मला कोणीही पुसू शकतं.

१९८३ च्या उन्हाळ्यात देवरावनं मला सीताबर्डीच्या दुकानातून आणलं. देवराव विजेवरची गिटार वाजवतो. लकडगंजात त्याच्या वडिलांची आरा मशीन आहे. रविवारी ती बंद असली, की भुशात उभा राहून त्याचा रॉक बँड वाजवतो आणि शेजारी खिडक्या लावून घेतात.

अशा माणसाकडे चंपतराव दिग्दर्शक आले. एक बाई ओसाड गावातून पळतेय, मागे कोणीतरी आहे. या प्रसंगाला त्यांना पार्श्वसंगीत हवं होतं.

"सतार घे, बासरी घे," ते म्हणाले.

"पळणाऱ्या बाईच्या मागं बासरी काहून जी? मले एक डाव करून पाहू द्या."

खरंच, भीती जुन्याच वाद्यांनी दाखवायची असं कुठे लिहिलंय? त्यानं गिटारीच्या जाड तारेवर नाणं घासलं. मग आरा सुरू करून सागवान चिरलं आणि त्या किंकाळीवर गिटार वाजवली. ती चार मिनिटं त्यानं माझ्यात भरली! माझीच फीत थरथरली.

"रविवारी ऐकतो. जमलं तर सिनेमा तुझा," चंपतराव म्हणाले. नक्कल करायला दुसरा टेपरेकॉर्डर नव्हता. म्हणून देवरावनं माझ्या पाठीवरची छोटी पट्टी मोडली. ती मोडली की रेकॉर्डचं बटन दबतच नाही. मी निर्धास्त झाले.

आज शनिवार. दुपारी देवरावची मोठी बहीण इंदुताई भजनाच्या बायका घेऊन बसली.

"ही तं मोडकी हाय वं," त्यांच्यातली प्रेमिला म्हणाली.

"कागद कोंबला की चालते. भरू भजन." इंदुताईनं बोळा कोंबला.

माझं कवच तिला मोडतोड वाटलं! बटन खाली गेलं. टाळ वाजले आणि नाण्याची ती पहिली किरकिर माझ्या अंगातून कायमची गेली. मला ओरडताही येईना.

आवाज कसा भरतोय ते ऐकायला इंदुताईनं लगेच थांबवून फीत मागे घेऊन लावली. नऊ सेकंद टाळ, मग एकदम ती किंकाळी.

"अवं माय, भूत हाय का काय आत?" प्रेमिला दाराकडे पळाली.

इंदुताई मात्र पांढरी पडली. "भूत नाही वं. आमच्या बाबांचा आरा हाय. देवरावचं काम पुसलं मी... त्याले सांगू नको."

तिनं मला डबीत ठेवलं. बोळा काढायचा राहिला.

आता देवराव शीळ घालत टेपरेकॉर्डर पुसतोय. "ताई, उद्या चंपतराव दचकतात का नाही पाहाय तू!" ती खाली मान घालून मेथी निवडतेय.

इंदुताई, मलाही तुमच्याइतकीच भीती वाटते. पण अजून ऊन आहे, नाणं नि गिटार जागेवर आहेत, नऊ सेकंद पुन्हा भरता येतील. उद्या चंपतरावांसमोर टाळ वाजले, तर तुमच्या भावाला तोंड दाखवायलाही जागा राहणार नाही. मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं. बोला ना!