टाचेनं टाकलेला गिअर

ताई दुकानातल्या शिडीवरून पडली आणि तिच्या डाव्या घोट्याचा पार चुरा झाला. डॉक्टरांनी स्क्रू घालून सांधा कायमचा जोडून टाकला. "आता हा हलणार नाही, पण दुखणारही नाही," ते म्हणाले. घरी येताना ताईनं ते वाक्य एकदा स्वतःशीच म्हणून पाहिलं आणि मग वाटभर खिडकीबाहेर बघत राहिली.

ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. कामावर ती परत रुजू झाली, जिने चढायला लागली, लंगडणंही हळूहळू अंगवळणी पडलं. राहिली ती एकच गोष्ट. मोटरसायकल. लग्नाच्याही आधीची, काळी, जड, आणि सर्वस्वी तिची. घराखाली रस्त्याकडे उघडणारी एक लांबट खोली होती, तिथे ती उभी असायची. डाव्या पायाच्या बोटांनी दांडा वर उचलल्याशिवाय तिचा गिअर वाढत नाही, आणि बोटं वर उचलायची तर घोटा हलायला हवा. त्यामुळे तो विषय घरात कोणी काढेना.

भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, विषय काढला नाहीच, पण त्यांनी दुसरंच काहीतरी सुरू केलं. आधी गाडीवर एक जुनी चादर आली. मग चादरीवर छत्र्या. मग बिघडलेला टेबल फॅन, पायपुसण्या, रंगाचे रिकामे डबे. भाऊजी पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायचे; काचेच्या नळीतलं पाणी उजेडासमोर धरून तासन् तास बघत बसायची सवय असलेला शांत माणूस. भांडण त्यांच्या स्वभावातच नव्हतं. पण महिने जात राहिले आणि मोटरसायकलचं कपाट होत राहिलं.

हे सगळं ताईच्या धाकट्या भावाच्या लक्षात आलं. केस पांढरे झाले तरी घरात त्याचं नाव अजून छोट्याच होतं. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. लोकांच्या तोंडात नीट बसतील अशा वस्तू करण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि न बसणारी वस्तू दिसली की त्याला चैन पडत नसे.

एका रविवारी दुपारी तो खांद्यावर खोका घेऊन आला.

"काय आणलंस?" ताईनं विचारलं.

"पाय ठेवायची जागा. पुढे सरकवलेली," तो म्हणाला. "फूटरेस्ट, ब्रेक, गिअर, सगळं इंजिनाच्या पुढे बसतं. पाय लांब करून आरामखुर्चीत बसल्यासारखं बसायचं. घोटा मुडपायला नको की काही नको."

ताई खोक्याकडे बघत राहिली. मग तिनं भाऊजींकडे पाहिलं. भाऊजींनी वर्तमानपत्राचं पान उलटलं, ते आधीच वाचून झालेलं होतं.

"खाली फार सामान आहे," ते म्हणाले.

"काढू की," छोट्या म्हणाला.

सामान दोघांनी मिळून काढलं. भाऊजी एकेक डबा असा उचलत होते, जणू त्या डब्यांना झोपेतून उठवायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. शेवटी चादर निघाली. धुळीचा एक लोट उठला आणि झरोक्यातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहिला. त्या पट्ट्यामागे गाडी उभी होती, काही झालंच नाही अशी.

जुने फूटरेस्ट सुटता सुटेनात. छोट्यानं पाना लावला, तेल सोडलं, वाट पाहिली, गंजलेल्या बोल्टला चारचौघांत म्हणता येणार नाहीत असे शब्द ऐकवले. शेवटी बोल्ट करकरला आणि सुटला. गाडीच्या सांगाड्याच्या पुढच्या नळीवर नव्या पट्ट्या आवळल्या, त्यांवर फूटरेस्ट आले. डावीकडे गिअरचा नवा दांडा, आणि त्याच्यापासून मागे इंजिनापर्यंत जाणारी एक लांब सळई. उजवीकडे ब्रेक. खोलीत तेलाचा आणि उन्हानं तापलेल्या रबराचा वास भरला. दुपार इतकी सुस्त होती की बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलची घंटासुद्धा पेंगत वाजल्यासारखी वाटली.

"आता बस," छोट्या म्हणाला. "पण एक कर. रोज लोकांना एक डोळा मिटायला लावतेस ना? आज तू दोन्ही मिट."

"कशाला?"

"डोळे उघडे असले की पाय लबाडी करतो. दांडा जिथे दिसेल तिथे जातो. मला तुझा पाय मनानं कुठे जातो ते बघायचंय. तसा दांडा फिरवून आवळतो."

गाडी मधल्या स्टँडवर होती. ताईनं भावाच्या खांद्यावर हात ठेवून पाय टाकला, बसली, पाय पुढे लांब केले. डोळे मिटले. हात आपोआप हँडलवर गेले.

"कुठे जाऊ?"

"गाडी तुझी, रस्ता तुझा."

तिनं हँडलवरची पकड नीट केली. मग डाव्या हातानं क्लच दाबला.

"निघाले," ती म्हणाली.

छोट्या तिच्या डाव्या पायाशी गुडघे टेकून बसला, खूण करायला हातात खडू घेऊन. भाऊजी चहाचे कप घेऊन जिना उतरत होते. ते शेवटच्या पायरीवर थांबले.

"गल्ली संपली," ताई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता, दुरून येत होता. "दुसरा टाकला. लाकडाच्या वखारीचा वास येतोय. ओला भुसा. आता चढ आहे थोडा." तिनं उजवी मूठ पिळली, सोडली, क्लच दाबला. "तिसरा. पूल आला. खाली पाणी बरंच आहे आज." ती किंचित उजवीकडे कलली आणि परत सरळ झाली. पदराचं टोक खांद्यावरून घसरलं, तिला कळलंही नाही.

छोट्याला चमत्कारिक वाटायला लागलं. त्याला वाटलं, खोलीची भिंत हळूहळू मागे जातेय. रंगाचे डबे, छत्र्या, टेबल फॅन, सगळं रस्त्याकडेच्या घरांसारखं मागे जातंय, आणि आपण इथे गुडघ्यावर बसल्या बसल्या कुठेतरी पोचत चाललोय. झरोक्यातलं ऊन ताईच्या चेहऱ्यावरून सरकलं. झाडांखालून जाताना सरकतं तसं.

"दोन्ही बाजूंना उंच झाडं. कोणीच नाहीये रस्त्यावर," ती म्हणाली. "चौथा."

आणि छोट्याच्या लक्षात आलं की आपण खडूची एकही खूण केलेली नाही. करण्यासारखं काही घडलंच नव्हतं. ताईचा डावा पाय फूटरेस्टवर पडून होता, कोणीतरी ठेवून विसरलेल्या वस्तूसारखा. पहिल्यापासून चौथ्या गिअरपर्यंत तो तसूभरही हलला नव्हता.

तो बोलणार नव्हता. पण खोटा दात बसवून 'छान दिसतोय' म्हणणाऱ्यांतला तो नव्हता.

"ताई."

"हं."

"पाय हललाच नाही गं."

"हलला की. मला कळलं."

"नाही हलला."

ताईनं डोळे उघडले. तिनं पायाकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली.

"मग मी पूल ओलांडला कसा?" ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. ती हळूच उतरली, पदर सावरला, भाऊजींच्या हातातला एक कप घेतला. "राहू दे रे छोट्या. तू एवढं केलंस, पुष्कळ झालं," असं म्हणून कठड्याला धरून जिना चढून गेली.

खाली दोघंच उरले. छोट्या पाने गोळा करायला लागला. भाऊजी चहा न पिता उभे होते. त्यांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं काही त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

"ती पाय उचलत नाही," ते एकदम म्हणाले. "दाबते."

"म्हणजे?"

"स्वयंपाकघराचं दार. हात भरलेले असले की पायानं लोटते ना ती? आधी चवड्यानं लोटायची. ऑपरेशनपासून टाचेनं. जोर मांडीतून येतो, घोट्याचा काही संबंधच नाही. आवाज वेगळा येतो. मी बाहेर बसलेलो असलो तरी कळतं मला."

छोट्याच्या हातातला पाना हातातच राहिला. फूटरेस्टच्या मागे टाचेखाली दुसरा दांडा आला, की टाच दाबली तरी पुढचं टोक आपोआप वर जाणार. बोटांनी उचलायची गरजच नाही. इतकी साधी गोष्ट, आणि खोक्यातल्या सुट्या भागांच्या नादात त्याला सुचली नव्हती.

"भाऊजी, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"मला विचारलं कोणी?"

मग कपात बघत ते म्हणाले, "आणि सांगितलं असतं तर गेली असती ना ती."

छोट्यानं पाना खाली ठेवला. ताई पडली त्या दिवशी दवाखान्यात भाऊजी कसे बसले होते ते त्याला आठवलं. ताईची एक चप्पल मांडीवर घेऊन. दुसरी सापडली नव्हती.

थोड्या वेळानं भाऊजींनी कप पायरीवर ठेवला आणि स्वतःच जिना चढून गेले. वर हलक्या आवाजात बोलणं झालं. शब्द खाली पोचत नव्हते. मग दार आपटलं. चांगलं दणकून, टाचेनं.

"ऐकलंस?" वरून भाऊजींचा आवाज आला. त्यांनी आवाज चढवलेला छोट्यानं कधी ऐकलाच नव्हता.

"ऐकलं!" छोट्या ओरडला.

ताई खाली आली ती चिडल्यासारखी, पण डोळे हसत होते. "मी दार कसं लावते त्याच्यावर पाळत ठेवतात हे. पाणी तपासून पोट भरत नाही यांचं."

छोट्यानं पिशवीतून गुलाबी मेणाची वडी काढली, कवळीच्या कामातली. मेणबत्तीवर ती मऊ केली, एका लाकडी पट्टीवर थापली आणि पट्टी ताईच्या टाचेखाली धरली. "डोळे मिट. दार लोट." ताईनं लोटलं. मेणात टाच रुतली, गोल, खोल, स्वच्छ. आणखी एकदा. दोन्ही वेळा जागा तीच. तो ठसा हातात घेऊन छोट्यानं उजेडाकडे धरला, आणि भाऊजीही शेजारी येऊन नळीतलं पाणी बघावं तसे बघायला लागले.

काढून ठेवलेला जुना गिअरचा दांडा होताच. गल्लीच्या टोकाच्या वेल्डरनं तो ठशाच्या मापानं कापून, उलटा करून नव्या दांड्याच्या मागे जोडून दिला. कशासाठी हे त्यानं विचारलं. छोट्यानं सांगितल्यावर तो म्हणाला, "असं होय," आणि टोक घासून इतकं गुळगुळीत केलं की त्यात उजेड दिसावा.

पुढच्या रविवारी गाडी सुरू झाली. स्टँडवरच, मागचं चाक हवेत ठेवून. ताईनं क्लच दाबला आणि टाच दिली. खट्. चाक फिरण्याचा वेग बदलला. परत टाच. खट्. पाय तिचाच होता आणि यावेळी त्यानं खरंच काहीतरी केलं होतं. गिअर उतरवताना चवड्यानं दाबायचं, तेही मांडीच्या जोरावर जमलं. तिनं वर-खाली इतक्या वेळा केलं की छोट्याला म्हणावं लागलं, "अगं, रस्त्यासाठी थोडे ठेव."

भाऊजींनी ब्रेक तीनतीनदा दाबून पाहिला. मग ते दारातून बाजूला झाले.

ती गेली. गल्लीच्या वळणावर तिचा पाय किंचित चुकला, गाडी धडपडली, आणि दोघंही दोन पावलं पुढे धावले. पण ती सावरली आणि दिसेनाशी झाली.

"एक चक्कर मारून येते म्हणाली," भाऊजी म्हणाले.

ते पायरीवर बसले. छोट्या शेजारी बसला. समोरच्या भिंतीवरचं ऊन पिवळं होत गेलं. कोणीतरी गच्चीवर चादरी झटकत होतं, त्याचा आवाज क्षणभर उशिरा येत होता. भाऊजी घड्याळ बघत नव्हते, तेवढं एक जाणवत होतं. 

आवाज आधी आला, मग ती. केस विस्कटलेले, चेहरा उन्हानं तांबडा, डोळे भरून आलेले, वाऱ्यानं की कशानं कोण जाणे.

"कुठे होतीस?" भाऊजींनी विचारलं.

"रस्ता चुकले."

"इथे? इतकी वर्षं राहून?"

"मुद्दाम चुकले," ती म्हणाली. मग गाडी बंद न करताच थोडी पुढे सरकून बसली. "अहो, बसा."

"मी?"

"नाही, शेजारचे. बसा म्हणते ना."

भाऊजींनी छोट्याकडे पाहिलं. मग ते वर गेले आणि अंगात स्वेटर घालून खाली आले, त्या उकाड्यात. दोघांपैकी कोणी हसायचं हे न ठरल्यासारखे भाऊ-बहीण एकमेकांकडे बघत राहिले. भाऊजी मागे बसले. आधी त्यांनी सीटच्या कडेला धरलं, मग ताईच्या खांद्याला.

"पाय दुखला तर सांग," ते म्हणाले.

"तुमचा दुखला तर तुम्ही सांगा," ती म्हणाली आणि टाच दिली.

छोट्या दाराशीच बसून राहिला. नखांत अडकलेलं मेण तो काडीनं काढत होता. लांबवर गिअर बदलल्याचा आवाज आला, मग आणखी लांबून एक, आणि पुढचा त्यानं ऐकला की त्याला तसं वाटलं, हे नक्की सांगता आलं नसतं. कधीतरी त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा भिंतीवरचं ऊन पार गेलं होतं, खोली निळसर झाली होती, आणि दोघं अजून आलेले नव्हते. वर जाऊन चहा टाकावा, असं त्याच्या मनात आलं. पण तो उठला नाही. रस्ता छान रिकामा होता.