मामांनी धुतलेला शाफ्ट

डोळे मीट आणि बघ. तू आणि तुझी मैत्रीण दोरीची दोन टोकं धरून ती गरागरा फिरवताय. दोरीचं पोट कसं थडाथडा उडतंय, दिसलं? आता दोरीच्या जागी लांबलचक लोखंडी दांडा आण. जीपच्या खाली असा दांडा असतो. तो इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत पोचवतो. त्याला शाफ्ट म्हणतात. तो दोरीसारखा उडू नये म्हणून त्याचे दोन तुकडे करतात, आणि मधोमध एक बेअरिंग त्याला धरून ठेवतं. ते झिजलं, की गाडी घुमायला लागते.

भिंगरीच्या घरची जीप अशीच घुमत होती. बाबांचं डोकं उठलं होतं. "संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय. तोवर आवाज थांबला तर ठीक, नाहीतर गाडी त्याची," त्यांनी सांगून टाकलं.

भिंगरी धावत आईकडे गेली. आईच्या मधमाश्यांच्या पेट्या डोंगरावर होत्या, आणि तिथवर चारही चाकांनी जोर लावणारी ही जीपच चढायची. जीप गेली, की मधमाश्याही गेल्या.

आईनं मावशीला बोलावलं. मावशीचं छोट्या गाड्यांचं गॅरेज होतं. "माझ्याकडच्या गाड्यांना असला शाफ्टच नसतो गं," ती म्हणाली, पण बाह्या सारल्या. चाकांना ठोकळे लावले, जीप उचलून भक्कम लोखंडी टेकूंवर, म्हणजे घोड्यांवर, टेकवली आणि भिंगरीच्या हातात खडू दिला. "दोन तुकडे जुळतात तिथे आरपार रेघ मार. आहे तस्सं परत जोडायचं. आपली सगळी भिस्त त्या रेघेवर."

भिंगरीनं जीभ बाहेर काढून रेघ मारली. शाफ्ट खाली उतरला, त्याचे दोन तुकडे सुटे झाले. बेअरिंगभोवतीचं रबर वाळक्या चिखलासारखं तडकलं होतं.

"दादा, जरा इकडे लक्ष ठेव," असं मावशीनं अंगणात बसलेल्या मामांना, म्हणजे तिच्या भावाला, सांगितलं आणि ती भिंगरीला घेऊन नवं बेअरिंग आणायला गेली.

आता मामांची होती लाँड्री. डाग दिसला की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. पाहुण्याच्या शर्टावर डाग असला, तर ते पाहुण्याशी न बोलता डागाशीच बोलायचे. त्यांनी मनापासून लक्ष ठेवलं.

दोघी परतल्या तर शाफ्ट आरशासारखा लखलखत होता. मामांनी त्याचे तुकडे पुन्हा जोडूनही ठेवले होते.

"मामा, इथे पांढरी रेघ होती ना?"

"होती ना! रॉकेल लावल्यावर एका फटक्यात गेली!"

मावशीनं शाफ्ट उलटसुलट फिरवून पाहिला. "अरे दादा, ती खूण होती! आता या जोडातले दाते एकमेकांत कुठेही बसतील. वाकडं बसलं तर घुमणं जाईल आणि थरथर येईल."

"मग आधी सांगायचं," मामा पुटपुटले. "मला वाटलं, डाग आहे."

बाबा खिडकीतून ओरडले, "काय झालं?"

"काही नाही!" तिघंही एका सुरात ओरडले.

भिंगरी शाफ्टकडे टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, "मावशी, जीपची पुढची चाकंही जोर लावतात. म्हणजे पुढेही एक शाफ्ट असणार?"

"आहे की."

"मामा, तो धुतलात?"

"नाही गं," मामा खंतावून म्हणाले. "रॉकेल संपलं."

भिंगरी सरपटत पुढच्या बाजूला गेली. चिखलानं माखलेल्या त्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना दोन-दोन लोखंडी कान बाहेर आलेले होते. या टोकाचे कान उभे, तर त्या टोकाचेही उभे. "मावशी, कान एका रेषेत आहेत! आपल्या मागच्या शाफ्टचे तिरपे झालेत!"

मावशीनं जोड सोडवला, एकेक दाता सरकवत कानाला कान जुळवला आणि पुन्हा बसवला. नवं बेअरिंग आवळलं. मामा हात मागे बांधून उभे होते. त्यांना तशी ताकीदच होती.

जीप घोड्यांवरून उतरली. आई स्टिअरिंगवर बसली, भिंगरी शेजारी. सगळ्या गल्लीला एक चक्कर मारून दोघी अंगणात परतल्या.

बाबा बाहेर आले. "ढकलत आणलीत? बंद पडली ना शेवटी?"

"चालू आहे," आई म्हणाली.

बाबांनी बॉनेटवर हात ठेवला, कान लावला, आणि खाली वाकून शाफ्टकडेही बघितलं.

तेवढ्यात फाटकाशी कोणीतरी खाकरलं. गिऱ्हाईक आलं होतं. "गाडी हीच का?"

सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबा आईकडे बघायला लागले.

भिंगरी टुणकन खाली उतरली, फाटक सताड उघडलं आणि त्या माणसाला म्हणाली, "काका, जरा बाजूला सरता का? आमची गाडी डोंगरावर निघालीये."