दहा मिनिटांचा सत्कार

अम्मीला बोलायला दहा मिनिटं मिळणार होती. त्या दहा मिनिटांपायी मुबश्शिरानं आठवडाभर तेच भाषण ऐकलं होतं. भाकऱ्या थापताना, गाडी पुसताना, अगदी तिच्या दहावीच्या सराव परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा! आता तिला ते अम्मीपेक्षा जास्त पाठ होतं.

अम्मी म्हणजे डॉ. शकिला, मेढ्याच्या फॅमिली डॉक्टर. तिचे पेशंट नानासो मिरजेच्या एका हॉस्पिटलात हृदयाचं ऑपरेशन करून आले, ते बीपीची नवी गोळी घेऊन. जुनी बंद करा, असं त्यांना कुणी सांगितलं नाही आणि अम्मीला तर काहीच कळवलं नाही. नावं वेगळी, औषध एकच. नानासो दोन्ही गोळ्या घेत राहिले आणि एका सकाळी गोठ्यात चक्कर येऊन पडले. खुबा मोडला.

“आवं बाई, दोनीबी डाक्टरच्याच गोळ्या. मी कुठली टाकू?” त्यांनी अम्मीला विचारलं होतं.

अम्मीचं भाषणातलं मागणं एवढंच. पेशंटला घरी सोडताना हॉस्पिटलनं त्याच्या फॅमिली डॉक्टरला एक फोन करावा. आणि हे देशभरातल्या हॉस्पिटलांना ठणकावून सांगावं फॅमिली डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेनं. नाहीतर संघटना असते तरी कशाला?

तर सांगलीच्या विश्रामबागेतल्या हॉलमध्ये संघटनेचं अधिवेशन सुरू झालं, आणि सुरू झाले सत्कार. दिल्लीहून आलेल्या अध्यक्षांचा. माजी अध्यक्षांचा. माजी अध्यक्षांच्या पत्नीचा. मंडपवाल्याचा! आता खुर्च्यांनाही शाली घालतात की काय, असं मुबश्शिराला वाटायला लागलं. जेवणाचा वास हॉलभर पसरला, तेव्हा सचिव डॉ. वीरधवल माईकवर आले.

“वेळेअभावी डॉ. शकिला मॅडमचं भाषण होऊ शकत नाही. त्याऐवजी आपण त्यांचा सत्कार करू या!”

त्याऐवजी? मुबश्शिरा खुर्चीतून उठलीच. पण अम्मीनं शांतपणे शाल घेतली, नारळ घेतला आणि फोटोग्राफर “मॅडम, इकडं बघा” म्हणत असताना माईकही घेतला. दोन मिनिटांत तिनं सगळं सांगून टाकलं.

“अत्यंत महत्त्वाचा मुद्दा आहे,” अध्यक्ष म्हणाले. “आपण समिती नेमू. डॉ. शकिलाच तिच्या अध्यक्षा!”

टाळ्या. आणि लगेच जेवण.

“अम्मी, टाळ्या कसल्या वाजवल्या त्यांनी? काम तुझ्याच गळ्यात मारलं की!” जेवणाच्या रांगेत मुबश्शिरा धुसफुसली. “आणि त्या हॉस्पिटलचं नाव का नाही घेतलंस?”

“हळू बोल. मालक तुझ्या पुढंच उभे आहेत.”

मुबश्शिरानं पाहिलं. पुढं डॉ. वीरधवल जिलेबी वाढून घेत होते. म्हणजे ह्यांचंच हॉस्पिटल? आणि हेच फॅमिली डॉक्टरांचे सचिव? तिची कानशिलं तापली.

“नाव घेतलं असतं तर भांडण झालं असतं,” अम्मी म्हणाली. “मला भांडण नको, फोन हवाय.” मग ती पुढं झाली. “डॉक्टरसाहेब, उद्यापासून तुमच्याकडून मेढ्याचा पेशंट घरी सुटला, की मला कळवाल ना?”

“अहो मॅडम, बघू ना. आधी समितीचा अहवाल तर येऊ द्या.”

“समिती मीच आहे.”

“हो, पण दिल्लीची मंजुरी लागते. दिवाळीनंतर बैठक लावू. तुम्ही जिलेबी घ्या, गरम आहे.”

अम्मीनं जिलेबी घेतली नाही. तिनं त्यांच्याच हॉस्पिटलच्या काउंटरला फोन लावला आणि त्यांच्यासमोर धरला. “सांगा त्यांना.”

“आत्ता? अहो, हातात ताट आहे...”

“द्या सर, मी धरते,” म्हणत मुबश्शिरानं ताट काढूनच घेतलं.

मागची रांग बघायला लागली. डॉ. वीरधवलांनी घसा खाकरला आणि फोनवर म्हणाले, “मेढ्याचा पेशंट सोडला की शकिला मॅडमना गोळ्या कळवायच्या. होय, दरवेळी.”

“फक्त मेढ्याचाच?” मुबश्शिरानं विचारलं. त्यांनी फोन बंद करून अम्मीच्या हातात दिला, मुबश्शिराकडून ताट घेतलं आणि ते तरातरा अध्यक्षांच्या टेबलाकडं गेले.

गाडीत बसल्यावरही तिची धुसफूस संपली नव्हती. “अम्मी, हे एक हॉस्पिटल झालं. मिरजेतली बाकीची? सांगलीतली? सगळीकडं असंच ताट धरत फिरायचं का आपण? ते काम संघटनेचं ना?”

“संघटनेचंच,” अम्मी म्हणाली आणि तिनं गाडी मेढ्याकडं न घेता मिरजेच्या रस्त्याला वळवली.