बारीक सुई

लॅबमधल्या ताईंनी गरगर फिरून थांबलेल्या यंत्रातून नळी काढली आणि कपाळाला हात लावला. रक्तावर पिवळसर पाणी सुटायला हवं होतं, ते चक्क गुलाबी झालं होतं. म्हणजे रक्तपेशी फुटल्या होत्या. डॉक्टरांना तपासायचं होतं कार्निटिन, चरबीपासून अंगाला ताकद मिळवून देणारा घटक. फुटलेल्या पेशींतला कार्निटिन मिसळल्यामुळे अशा रक्तात तो कमी असला, तरी पुरेसा दिसला असता.

चूक ताईंचीच होती. रक्त द्यायला आलेली सातव्या महिन्यातली पांढरीफटक शिंपीण पाहून त्यांना कळवळा आला आणि त्यांनी नेहमीपेक्षा बारीक सुई लावली. रक्त येईना, तेव्हा जोर करून ओढलं.

"चालवून घ्या की," लॅबचे साहेब म्हणाले.

"चालवून घ्यायला ही काय फाटकी चप्पल आहे?" म्हणत ताई तरातरा जिना चढल्या.

वर वॉर्डात शिंपिणीची सासू अंगावरच आली. "गोळ्या गिळून गिळून हिचं रक्त वाढेना, आणि तुम्ही पुन्हा काढायला आलात?"

"हो. चूक माझी आहे. पण खोटा रिपोर्ट मी देणार नाही." ताईंनी या वेळी नेहमीची सुई उघडली.

सासूने सुनेचा हात घट्ट धरला. सुनेने तो सोडवून घेतला आणि स्वतःच बाही वर सरकवली.

"घ्या, ताई. सात महिने घरात सगळे सांगताहेत, माझ्या अंगात आळस जास्त आहे. कमी काय आहे, तेही एकदा कळू दे."