बारशाची फाइल

आमचे हे कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झाले, पण ह्यांच्यातली रिफायनरी काही निवृत्त व्हायला तयार नाही. काम संपलं की सगळं रिकामं करायचं, पुसायचं, बंद करायचं, हा तिथला नियम. तो आमच्या छाणीच्या फ्लॅटमध्येही चालतो. अर्धा चहा ठेवून मी दार उघडायला उठले तर परत येईपर्यंत कप विसळून पालथा घातलेला असतो.

आमच्या मुलाच्या, सलीलच्या मुलीचं बारसं ठरलं आणि हे कॉम्प्युटरला जाऊन चिकटले. आमच्याकडे बारशाला पाळणा म्हणायचा तो कौमुदीवन्संनीच, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीने. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज गेला. आता कान अगदी तोंडाशी नेला तर कुजबुज तेवढी ऐकू येते. पण आमच्या लेकीच्या, देवश्रीच्या बारशाची व्हिडिओ कॅसेट होती. तिची पुढे सीडी झाली आणि सीडी खराब व्हायच्या आत ती कॉम्प्युटरवर चढवलेली होती. काम झालं म्हणून कॅसेट आणि सीडी ह्यांनी तेव्हाच फेकून दिल्या होत्या.

"ताईचाच आवाज वाजला पाहिजे," हे म्हणाले. "पुन्हा कधी ऐकणार आपण तो?"

"बाबा, मी म्हणते ना पाळणा," देवश्री म्हणाली.

"तुझा सूर लागत नाही." विषय संपला.

ती फाइल आमच्या कॉम्प्युटरवर चालायची, पण सोसायटीच्या हॉलमध्ये टीव्ही आणि स्पीकर लावणाऱ्याने सांगितलं की त्याच्याकडे एमपी-फोरच चालेल. झालं, सुरू! हे फाइल बदलून देणारी फुकटातली सॉफ्टवेअरं शोधायला लागले. एकाने पाळणा मध्येच तोडून टाकला. दुसऱ्याने वन्संच्या कपाळावरून कंपनीचं नाव आडवं छापलं. तिसऱ्याने काय केलं देव जाणे, कॉम्प्युटर चालू केला की आधी राशिभविष्य उघडायला लागलं. सलीलने ऑफिसातून फोन केला, "बाबा, मी संध्याकाळी करून देतो." तर हे म्हणाले, "मी आख्खी कंट्रोल रूम सांभाळलीय, मला शिकवू नकोस." इकडे घुगऱ्यांचे हरभरे आणायचे राहिले होते, पाळण्याला फुलं सांगायची राहिली होती, आणि घरातला एकुलता एक रिकामा माणूस राशिभविष्य बंद करत बसला होता. माझ्या डोक्याचा नुसता भुगा झाला.

बारशाच्या आदल्या दिवशी मी पिठाच्या हातांनी लाडू वळत होते तेव्हा आतून आरोळी आली, "झाली एकदाची!" जाऊन बघते तर खरंच, स्क्रीनवर तरुण वन्सं, जरीची साडी, हातात पाळण्याची दोरी, ओठ हलताहेत.

"आणि आवाज?"

"स्पीकरची वायर ढिली आहे. नेहमीचंच."

ती वायर ढिली आहे हे खरं. बोटाने दाबून धरावी लागते.

"मग दाबून ऐका तरी एकदा!"

"काय ऐकायचंय? चित्र आलं म्हणजे सगळं आलं." ह्यांचे डोळे भरले होते. बहिणीकडे बघत बसले होते आपले. माझे लाडू गार होत होते, मी गेले.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये सगळे जमले. आत्या म्हणून देवश्रीने बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं, यशश्री. आता पाळणा. टीव्हीवर वन्सं आल्या, ओठ हलले, आणि हॉलमध्ये चिडीचूप.

"काका, आमां अवाज ज नथी," स्पीकरवाला त्याच्या गुजरातीत म्हणाला.

"तुझा स्पीकर बघ आधी!"

"स्पीकर तो मस्त चाले छे," म्हणत त्याने पुरावा म्हणून दणदणीत गरबा लावला. बाळ दचकून रडायला लागलं.

मी ह्यांना बाजूला ओढलं. "जुनी फाइल कुठाय? घरी जाऊन घेऊन या."

हे हळूच म्हणाले, "डिलीट केली. नवी झाली ना, म्हणून."

"मग त्या कॉम्प्युटरच्या कचऱ्याच्या डब्यातून काढा."

"तोही रिकामा केला."

केलाच असणार! पाहुण्यांदेखत मला जे काही बोलायचं होतं ते मी बोलले. "सगळं पुसून ठेवा, माणसंही पुसून ठेवा," असंही बोलले. हे रिमोट हातात धरून टीव्हीवरच्या ताईकडे बघत उभे होते. ताईचा आवाज ह्यांनीच घालवला होता, आणि ते ह्यांना माझ्या आधी कळलं होतं. माझा राग जागच्या जागी विरघळला.

वन्संनी खुर्चीतूनच हात हलवून आम्हा दोघांना जवळ बोलावलं. आम्ही वाकलो.

"आनंदा, अरे, त्या पाळण्यात देवश्रीचं नाव आहे," त्या कुजबुजल्या. "ही यशश्री ना?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. दर बारशाला वन्सं बाळाचं नाव गुंफून नवा पाळणा रचतात, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. एवढी उरस्फोड करून आम्ही दुसऱ्याच बाळाचा पाळणा लावणार होतो.

वन्संनी देवश्रीला खूण केली. तिच्या कानाशी तोंड नेऊन एक ओळ सांगितली. देवश्रीने ती म्हटली, मोठ्याने आणि बेसूर. मग दुसरी. यशश्रीचं नाव आलं तसं बाळ रडायचं थांबलं, की दमलं, कोण जाणे. टीव्हीवरच्या वन्सं अजून मुक्यानेच गात होत्या. सवयीने ह्यांचा अंगठा रिमोटच्या बटणावर गेला. मी हात धरला. "राहू दे."

पाळणा संपल्यावर मी वन्संपाशी बसले. "कधी रचलात हो?"

"बाळ झालं त्याच दिवशी. नाव तेवढं आत्ता घातलं," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "वाट बघत होते, निरू. तुम्ही कुणी विचारायलाच आला नाहीत."